भुताचा वाडा आणि लेकरांची झोप

"डॉक्टरसाहेब, लेकरू मोबाइलवर भुताचा खेळ खेळतंय. डोक्यावर काही परिणाम तर होणार नाही?" हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्या दवाखान्यात सर्दी-खोकल्याइतक्या नेमाने येऊ लागला आहे. विचारणारे पालक बहुधा उत्तर ठरवूनच आलेले असतात. डॉक्टरांनी लेकराला दम द्यावा, मोबाइल काढून घ्यायला सांगावे आणि जमल्यास एखादे टॉनिक लिहून द्यावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते. या बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे, म्हणून आजचा लेख.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पडद्यावर एक जुना, ओसाड वाडा दिसतो. खोलीत अडगळ भरलेली असते. खाली वस्तूंची यादी येते : किल्ली, कंदील, कवटी, फाटके पत्र. त्या पसाऱ्यात या वस्तू शोधायच्या. सगळ्या सापडल्या की पुढचे दार उघडते आणि मधूनच एखादी पांढरी बाई किंचाळत अंगावर येते. बस्स. आपल्या पिढीने 'किशोर' किंवा 'चांदोबा'सारखी मासिके वाचली, चित्रातला लपलेला प्राणी शोधा, दोन चित्रांतले फरक ओळखा असली कोडी सोडवली, आणि वेताळाच्या गोष्टी वाचून रात्री परसात जायला भ्यालो. या दोन्हींची भेळ करून ती मोबाइलवर घातली की हा खेळ तयार होतो. अमेरिकेत २००५ साली 'मिस्टरी केस फाइल्स : हंट्सव्हिल' नावाचा खेळ आला, पुढच्याच वर्षी 'रेव्हनहर्स्ट' हा झपाटलेल्या वाड्याचा खेळ आला, आणि तेव्हापासून असल्या खेळांचे पेव फुटले. तिकडे या खेळांच्या शौकिनांत घरकाम आटोपून निवांत बसणाऱ्या प्रौढ बायकांचा मोठा भरणा आहे. आपल्याकडे तो लेकरांच्या हाती आला, कारण मोबाइल स्वस्त झाला आणि हे खेळ फुकट मिळू लागले.

गेल्या कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारच्या यात्रेत होतो. मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणातून माणसे येतात, कित्येक दिंड्या पायी येतात. त्यामुळे माझे निम्मे काम तळपायाचे फोड बांधण्याचे. दुपारी गर्दी ओसरल्यावर शेजारच्या राहुटीत डोकावलो, तर एका मोबाइलवर पाच डोकी वाकलेली. सगळी मामे-आत्ये भावंडे, दहा ते तेरा वर्षांची.

"आरं घड्याळाच्या मागं बघ की!"

"तिथं बघितलं. तिथं नुसता कोळी हाय."

"थिंबल कशाला म्हणत्यात?"

कोणालाच ठाऊक नव्हते. कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या आजीने चष्मा वर केला, चित्र पाहिले आणि म्हणाली, "आंगुस्तान हाय की ते. सुई टोचू नये म्हणून बोटात घालत्यात. तुमच्या आज्ज्याच्या मशिनीच्या खणात हुतं." तेवढ्यात पडद्यावरची बाई किंचाळली. पाचही जण एकदम मागे सरले आणि पुढच्याच क्षणाला पोट धरून हसू लागले. त्यानंतर दहा मिनिटे चर्चा चालली ती खेळाची नव्हे, तर कोण जास्त दचकले याची.

हा प्रसंग मी मुद्दाम लिहिला आहे. भीती वाटते तेव्हा मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथी ॲड्रिनलिन रक्तात सोडतात. छातीत धडधडते, बाहुल्या मोठ्या होतात, तळहाताला घाम सुटतो. खरा साप दिसला तरी हेच होते, खोटी बाई दिसली तरी हेच. फरक पडतो तो पुढे. शेजारी कोणी असेल, हसता-बोलता येत असेल, तर धोका नाही हे शरीराला लवकर कळते आणि धडधड ओसरते. लेकरू अशा वेळी भीती अंगावर घेऊन ती उतरवायला शिकते. २०२१ साली परदेशातील काही मानसशास्त्रज्ञांनी कोरोनाच्या काळातील पाहणी प्रसिद्ध केली. भयपटांचे शौकीन त्या दिवसांत इतरांपेक्षा मनाने कमी खचलेले आढळले. एका पाहणीवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये, पण मला त्यात नवल वाटले नाही. होळीच्या रात्री मुंजाच्या आणि चकव्याच्या गोष्टी ऐकून आपणही काही वेडे झालो नाही.

त्या राहुटीत आणखी एक गोष्ट घडली. हिरव्या वेलीत लपवलेली लाल किल्ली चौघांना चटकन दिसली. पाचव्याला, सर्वांत मोठ्याला, काही केल्या दिसेना. "आंधळा हाय का तू?" म्हणून बाकीची चिडवू लागली. मी त्याला आजीबरोबर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बोलावले आणि इशिहारांचे पुस्तक समोर ठेवले. शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांनी १९१७ साली ही रंगीत ठिपक्यांची चित्रे प्रसिद्ध केली. ठिपक्यांत आकडा लपलेला असतो. म्हणजे तोही एक लपलेली वस्तू शोधण्याचाच खेळ! मुलाला बहुतेक आकडे दिसलेच नाहीत. लाल-हिरव्याचे रंगांधत्व. हा दोष आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला बहुधा सगळे रंग नीट दिसतात, मुलग्यांत मात्र तो मुलींपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. त्यावर औषध नाही आणि दृष्टी अधूही होत नाही. पण आजीने जे सांगितले ते ऐकून मी गप्प झालो. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड ते अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली तेव्हापासून हा मुलगा इंजिनचालक होणार म्हणून सांगत असतो, वहीवर इंजिनेच काढतो. इंजिनचालकाच्या नोकरीत रंगांची दृष्टी निर्दोष लागते, सिग्नल लाल-हिरवेच असतात. मी त्याला स्पष्ट सांगितले. तो रडला नाही, फक्त म्हणाला, "रेल्वेत दुसरी कामं असत्यात का?" असतात, पुष्कळ असतात. हे तेराव्या वर्षी कळलेले बरे, की परीक्षा पास होऊन वैद्यकीय तपासणीत विसाव्या-बाविसाव्या वर्षी बाद झाल्यावर कळलेले बरे?

आता दुसरी बाजू. याच खेळाने आजारी पडलेले म्हणून एक नऊ वर्षांचे लेकरू माझ्याकडे आणले होते. आई-बाप दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर गेलेले, लेकरू गावी आजीजवळ. संपर्कासाठी बापाने जुना मोबाइल ठेवून दिलेला. रोज रात्री झोपल्यावर दीड-दोन तासांनी ते किंचाळत उठे, डोळे सताड उघडे, अंग घामाने भिजलेले, आजीला ओळख देत नसे. दहा मिनिटांनी आपोआप झोपी जाई आणि सकाळी विचारले तर काही आठवत नसे. गावात एकमत झाले, की मोबाइलमधली बाई अंगात आली. आधी लिंबू झाले, मग देवऋषी झाला. त्याने मिरचीची धुरी द्यायचा दिवससुद्धा ठरवून दिला होता. शेजारच्या एका शहाण्या बाईने हट्टाने दवाखान्यात आणले म्हणून ते लेकरू धुरीतून वाचले.

मी आजीला खेळाविषयी एकही प्रश्न विचारला नाही. झोपेविषयी विचारले. लेकरू मोबाइल घेऊन गोधडीत शिरे ते बाराला झोपे आणि साडेपाचला पाण्याच्या पाळीसाठी उठे. साडेपाच तास झोप! सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास. झोप साठत जाऊन अपुरी पडली, की रात्रीच्या पहिल्या प्रहरातील गाढ झोपेतून मेंदू अर्धाच जागा होतो. शरीर उठते, शुद्ध येत नाही. त्याला आम्ही निद्राभय म्हणतो. ताप, दगदग, जागरण ही त्याची नेहमीची कारणे. घराण्यातही असते, आणि बहुतेक मुले मोठी होता होता त्यातून बाहेर पडतात. भुताचे स्वप्न ही वेगळी गोष्ट आहे. ते पहाटेकडे पडते, मूल पुरते जागे होते आणि काय पाहिले ते सांगू शकते. या लेकराला काहीच आठवत नव्हते, म्हणजे मोबाइलमधल्या बाईवर आळ घेण्याचे कारणच उरत नव्हते. आठ वाजता मोबाइल आजीच्या ट्रंकेत, नऊला अंथरूण, पाण्याची पाळी चुलत्याकडे, आणि निजण्यापूर्वी त्याच मोबाइलवर आई-बापाशी पाच मिनिटे बोलणे, एवढेच सांगितले. औषधाची एक गोळी दिली नाही. तीन आठवड्यांत किंचाळणे आठवड्यातून एकदावर आले.

यात एक बारीक मुद्दा आहे. २०१३ साली अमेरिकेत चोवीस क्ष-किरणतज्ञांना फुफ्फुसांची चित्रे देऊन त्यांतील गाठी शोधायला सांगितल्या. शेवटच्या चित्रात संशोधकांनी गंमत म्हणून गोरिलाचे चित्र घातले होते, गाठीपेक्षा अठ्ठेचाळीस पट मोठे. चोवीसपैकी वीस जणांना ते दिसले नाही. ही काही निष्काळजी माणसे नव्हती. यादीत नसलेली वस्तू डोळ्यांसमोर असूनही माणसाला दिसत नाही, इतकेच. त्या गावाच्या यादीत भूत होते, झोपेचे तास नव्हते. शहरातील शिकलेल्या पालकांची यादी तेवढी बदललेली असते. २०१७ साली 'ब्लू व्हेल' नावाच्या खेळाने मुले आत्महत्या करतात म्हणून केवढा गहजब झाला होता. मुंबईतील एका मुलाच्या मृत्यूशीही तो जोडला गेला. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितले, की तपासलेल्या एकाही घटनेत त्या खेळाचा संबंध सिद्ध होऊ शकला नाही. त्या काळात किती घरांत मोबाइल तपासले गेले, आणि किती घरांत मुलाला 'तुझे काही दुखते आहे का' असे विचारले गेले?

मिरचीची धुरी देणे, साखळीने बांधणे, भूत उतरवतो म्हणून मारझोड करणे हे महाराष्ट्रात २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हे आहेत. हा कायदा व्हावा म्हणून झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला. भानामतीच्या नावाने मराठवाड्याने पुष्कळ सोसले आहे. आता ती मोबाइलमधून येऊ लागली, एवढाच काय तो बदल.

मग या खेळांचा त्रास काहीच नाही का? आहे. अंधाऱ्या खोलीत अंधारे चित्र टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप मंदावते, डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, कपाळ दुखते. त्याने डोळे जात नाहीत, पण खोलीत दिवा असावा आणि मधूनमधून लांब पाहावे. चष्मा लागलेले मूलही अशा खेळात मागे पडते, तेव्हा सारखे डोळे बारीक करून पाहत असेल तर तपासून घ्या. फुकटच्या खेळात इशारे पैसे घेऊन विकतात. बापाच्या मोबाइलवर पैसे पाठवण्याची सोय असेल तर त्याचा आकडा मुलाला ठाऊक नसावा. आणि खेळावाचून राहवत नाही, शाळा-जेवण-मित्र सगळे मागे पडले, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, असे वर्षभर चालले तर तो आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्याला आजारांच्या यादीत घेतले. मात्र सुटीत दोन दिवस मोबाइल सोडला नाही म्हणजे हा आजार झाला, असे नव्हे. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर मराठीतून बोलता येते, पैसे पडत नाहीत.

मला खरी काळजी वाटते ती फिट येणाऱ्या मुलांची. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन' या कार्टूनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे बारा वेळा लुकलुकला आणि सुमारे ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. त्या सगळ्यांना फिट आली नव्हती, पण काहींना नक्की आली होती. भुताच्या खेळांत विजा चमकतात, दिवे लुकलुकतात. ज्या मुलाला पूर्वी फिट आलेली आहे, त्याला असे खेळ अंधारात आणि जागरण करून खेळू देऊ नयेत. अचानक लुकलुकू लागले तर एक डोळा तळहाताने झाकून मान वळवायला शिकवावे.

रात्री किंचाळणाऱ्या मुलाला गदागदा हलवून जागे करू नका, फक्त पडणार नाही, लागणार नाही एवढे पाहा. अंग ताठ होणे, हातपाय झटके देणे, जीभ चावली जाणे, अंथरुणात लघवी होणे, एकाच रात्री पुनःपुन्हा होणे, दिवसाही मधेच शून्यात पाहणे, यांपैकी काही असेल तर ते निद्राभय नसून फिट असू शकते आणि मेंदूचा आलेख काढावा लागतो. दवाखान्यात आणेपर्यंत लेकरू ठणठणीत झालेले असते आणि सांगणारा घाबरलेला असतो, त्यामुळे आमच्या हाती काही लागत नाही. अशा वेळी घरातील एकाने लेकराजवळ बसावे आणि दुसऱ्याने दिवा लावून त्याच मोबाइलवर मिनिटभराचे चित्रण करावे. ते पुसू नका, येताना बरोबर आणा.