पंधरा मोठे की बारा?

परवा विठ्ठलवाडीत शाळाशाळांच्या सांघिक बुद्धिबळ स्पर्धेचा बक्षीस समारंभ होता. समारंभ म्हणजे काय, तर शाळेचा हॉल, लोखंडी खुर्च्या आणि खिडकीबाहेर मधूनमधून कर्जतकडे धडधडत जाणारी लोकल. नातू खेळत होता म्हणून मीही जाऊन बसलो होतो. पंचांनी निकाल वाचला आणि मागच्या रांगेतून एक पालक ताडकन उठले. "अहो, आमच्या पोरांचे पंधरा गुण, त्यांचे बारा. मग चषक त्यांना कसा?"

हे पालक म्हणजे आमचेच चिरंजीव. आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी मलाही त्याचेच म्हणणे रास्त वाटत होते. पाव शतक बँकेत बेरजा केल्या; पंधरापेक्षा बारा मोठे असल्याचे कधी ऐकले नव्हते.

पंच गृहस्थ मोठे सोशिक. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. आमच्या संघाच्या पाच फेऱ्या : 4, दीड, 4, दीड, 4. विजेत्यांच्या : अडीच, अडीच, दोन, अडीच, अडीच. चार पटांवर चार मुले खेळतात, म्हणजे एका लढतीत वाटायला चार गुण. आम्ही तीन लढती 4-0 ने जिंकलो आणि दोन हरलो. ते चार लढती काठावर जिंकले, एक बरोबरीत सोडवली, हरले एकही नाहीत. आता लढत जिंकली तर 2, बरोबरीला 1, हरली तर शून्य, असा हिशेब केला की आमचे होतात 6 आणि त्यांचे 9.

"पण 4-0 ला काही किंमतच नाही का?" चिरंजीवांचा प्रश्न. यावर पंचांनी जे सांगितले, त्याने मी गप्प झालो. ते म्हणाले, "तुम्ही 4-0 कोणाला हरवलंत, ते बघा की!"

ही सारी गोम आहे स्विस पद्धतीत. सोळा संघांनी प्रत्येकाशी खेळायचे म्हटले तर पंधरा फेऱ्या होतात. एवढी सुट्टी कोणती शाळा देणार? म्हणून पहिल्या फेरीत ताकदीनुसार यादी करून तिचे दोन भाग पाडतात आणि वरच्या भागातला पहिला खालच्या भागातल्या पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी असे भिडवतात. पुढे प्रत्येक फेरीत साधारण सारखे गुण असलेल्यांची गाठ घालून देतात. एकदा खेळलेले दोन संघ पुन्हा समोरासमोर येत नाहीत. जिंकलात की पुढचा प्रतिस्पर्धी अधिक कठीण, हरलात की अधिक सोपा. आमचा संघ हरला की खाली जाई, तिथे दुबळ्या संघाला धुऊन काढी, पुन्हा वर येई आणि पुन्हा हरे. आमच्या पंधरातले बारा गुण असे तळाशी वेचलेले होते. विजेत्यांना मात्र प्रत्येक फेरीत आधीपेक्षा तगडा संघ मिळत गेला.

ही आपल्या पंचांच्या डोक्यातून निघालेली भानगड नव्हे. बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये स्विस पद्धत 1976 साली हैफाला आली. पण त्यानंतरही कितीतरी वर्षे क्रम लागत असे तो पटांवरच्या गुणांच्या बेरजेने, म्हणजे आमच्या चिरंजीवांच्या हिशेबाने. कच्च्या संघाला चारीमुंड्या चीत करणे तेव्हा सोन्याच्या मोलाचे होते. 2008 साली ड्रेस्डेनला हे बदलले आणि लढतीचे गुण आधी मोजले जाऊ लागले. दोन संघांचे ते सारखे झाले तर मग पटावरच्या गुणांकडे वळायचे. पण तेही ज्याच्याविरुद्ध मिळवले त्याच्या गुणांनी गुणून. 2022 साली मामल्लापुरमला उझबेकिस्तान आणि आर्मेनिया दोघांचेही 19 गुण झाले आणि सुवर्ण उझबेकिस्तानला मिळाले, ते या गुणाकारामुळे.

त्याच मामल्लापुरमला आपल्या महिला अखेरच्या फेरीपूर्वी आघाडीवर होत्या. शेवटची लढत अमेरिकेशी 1-3 अशी गेली आणि सुवर्णाचे कांस्य झाले. 2024 साली बुडापेस्टला पुन्हा तीच धाकधूक. पुण्याचे अभिजित कुंटे कर्णधार. पहिल्या सात लढती जिंकून आठवीत पोलंडकडून हार, नववीत अमेरिकेशी बरोबरी. दहाव्या फेरीत समोर चीन. हरिका, वैशाली आणि वंतिका या तिघींचे डाव बरोबरीत सुटले, आणि तिसऱ्या पटावर नागपूरची दिव्या देशमुख जिंकली. अडीच-दीड. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत दिव्याचे छायाचित्र आले आणि ते यायलाच हवे होते; पण त्या तीन बरोबऱ्यांतली एक जरी सुटली असती तर लढत 2-2 झाली असती. शेवटी अझरबैजानला हरवून 19 गुणांवर आपण सुवर्ण घेतले.

घरी चालत येताना चिरंजीवांचा राग निवळला होता, नातू मात्र गप्प होता. मग हळूच म्हणाला, "आजोबा, चौथ्या फेरीत मला समोरच्याने बरोबरी विचारली होती." तेव्हा लढत दीड-दीड होती आणि याचा एकट्याचाच डाव उरला होता. कर्णधाराला खेळाडूस बरोबरी घे म्हणून सांगण्याची मुभा असते. सर "घेतलीस तरी चालेल" म्हणाले होते. याने मान हलवली, जिंकायला गेला आणि हरला.

चषक त्याने तसाही मिळाला नसता, हे मी मनातल्या मनात मोजून पाहिले. सहाचे सात झाले असते. पण ते त्याला सांगितले नाही. रात्री जेवणे झाल्यावर त्याने ती हत्तींची स्थिती पटावर मांडली, बराच वेळ पाहत बसला. "बरोबरीच होती," म्हणाला, आणि पांढऱ्याचा हत्ती एक घर पुढे सरकवून पुन्हा पाहू लागला.