ओळखीची फेरी

दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका प्रशिक्षणाला आमच्या संस्थेतून आम्ही दोघी गेलो होतो. मी आणि आमच्या अक्का. अक्का पन्नाशीच्या पुढच्या. सोलापूरच्या पूर्व भागात विडी कामगार बायकांमध्ये त्यांचं वीस वर्षांचं काम आहे. त्याआधी त्या स्वतःच विड्या वळत होत्या. घरात तेलुगू, शेजारी कानडी, गल्लीत दखनी, कचेरीत मराठी. ज्या दारात जातील तिथली भाषा बोलतात. पहाटे दोनला नवऱ्याने घराबाहेर काढलेली बाई आमच्या भागात पोलीस चौकीआधी अक्कांकडे येते.

हॉलमध्ये तीसेक जणी गोल करून बसलो होतो. सुरुवातीला ओळखीची फेरी. नाव, शिक्षण, संस्था आणि आवडता छंद एवढं सांगायचं होतं. 'इंग्रजीतच बोला' असं कुणीही म्हटलं नव्हतं. पण पहिली इंग्रजीत बोलली, दुसरीही बोलली आणि तिसरीपर्यंत तो नियम होऊन गेला. माझा नंबर अकरावा होता. माझ्या आधीच्या दहा जणींची नावं मला तेव्हाही सांगता आली नसती, कारण त्या बोलत असताना मी मनातल्या मनात माझी दोन वाक्यं जुळवत होते. 'आय हॅव डन' म्हणायचं की 'आय डिड', 'फ्रॉम सोलापूर' आधी की नंतर. माझा नंबर आला, वाक्यं पार पडली, मी सुटले.

पुढचा नंबर अक्कांचा. त्यांनी उभं राहून हात जोडले, नाव सांगितलं, 'सोलापूर' म्हणाल्या आणि बसल्या. वीस वर्षांचं काम पाच-सहा सेकंदांत संपलं.

जेवणाच्या सुट्टीत एका चांगल्या, समंजस बाईंनी मला विचारलं, "त्या तुमच्याबरोबर मदतनीस म्हणून आल्या आहेत का?" मी म्हणाले, "नाही, आमच्या सीनियर आहेत." एवढंच. अक्कांना तिथे बोलावून घेऊन त्यांच्याशी बोला असं मी म्हणाले नाही. संध्याकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने परतताना अक्का म्हणाल्या, "शिक्षण विचारलं, छंद विचारला. काम काय करता ते कुणी विचारलंच नाही गं." मग थोड्या वेळाने हसून, "आता माझा छंद काय सांगू? विड्या वळणं?"

ही गोष्ट बरेच दिवस मी कुणाला सांगितली नाही. तक्रार करावी असं त्यात काही घडलंच नव्हतं. कुणी अपमान केला नव्हता. पण पुढे काय झालं ते सांगते. पुढच्या बैठकीचं निमंत्रण माझ्या एकटीच्या नावाने आलं. त्याच्या पुढच्या वर्षी प्रकल्पाच्या समन्वयकाची जागा निघाली, ती मला मिळाली. अहवाल मी लिहिते, देणगीदार संस्थेचे लोक आले की मी बोलते. वस्तीत बायका कुणामुळे जमतात हे मला ठाऊक आहे आणि बायकांनाही. पण पगाराच्या पत्रकावर आमच्या दोघींमध्ये जे अंतर आहे ते कामाचं नाही. त्यातलं काही माझ्या एमएसडब्ल्यूचं आहे, आणि बरंचसं त्या दोन इंग्रजी वाक्यांचं.

म्हणून मला वाटतं, ओळखीची फेरी हा बैठकीतला वेळकाढू भाग नाही. कोण बोलणार आणि कोण सतरंज्या घालणार हे तिथे ठरतं, आणि तेही कुणी काही न ठरवता.

मी मराठी माध्यमात शिकले. आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीत भेटलं. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली, तोवर आम्ही पुढे निघून गेलो होतो. एमएसडब्ल्यूला आम्हाला शिकवलं, की समोरच्या माणसाशी विश्वासाचं नातं जुळवायचं तर त्याच्या भाषेत बोला, त्याच्या पातळीवर बसा. पण हे सांगणारी पुस्तकं इंग्रजीत होती. वस्तीत आम्ही तो धडा पाळतो. आपल्याच हॉलमध्ये, आपल्याच सहकाऱ्यांशी मात्र पाळत नाही. कार्यकर्तीला जणू त्या धड्याची गरजच नाही.

याची किंमत केवळ मानाची असती तर हा लेख लिहिला नसता. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते. त्या समितीत बाहेरची एक सदस्य म्हणून आमच्यासारख्या संस्थांतल्या बायकांना घेतात. अशाच एका समितीवर मी बसले आहे. तिथे साफसफाईचं काम करणाऱ्या एका बाईची तक्रार आली. ती तेलुगूमिश्रित मराठीत बोलत होती. साहेब रोज काय म्हणायचा, कुठे अडवायचा, हे तिने अगदी स्पष्ट, घाण शब्दांसकट सांगितलं. इतिवृत्त इंग्रजीत लिहिलं जात होतं. तिच्या दहा वाक्यांचं कागदावर एक वाक्य झालं, त्यात एकच क्रियापद: 'मिसबिहेव्ह्ड'. म्हणजे गैरवर्तन. गैरवर्तन तर उशिरा येणंही असतं! ते वाक्य तिला वाचून दाखवलं तेव्हा तिने मान हलवली आणि अंगठ्याजवळ सही केली. मी अडवलं, तिचे शब्द तिच्या भाषेत लिहायला लावले, पण तेही दुसऱ्या बैठकीत. पहिल्या बैठकीत मीही गप्प होते, कारण इंग्रजी इतिवृत्ताला इंग्रजीत हरकत घेण्याची हिंमत गोळा करायला मला एक आठवडा लागला.

कायदा या बाबतीत आपल्या बाजूने आहे हे लक्षात ठेवा. बाईला तक्रार लेखी देता येत नसेल, तर ती लिहून काढायला सर्व ती मदत करणं ही समितीची जबाबदारी आहे, असं कायद्यातच म्हटलं आहे. हा कायदा ज्या विशाखा निकालातून पुढे आला, तो १९९७ चा निकाल राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी या साथिनीच्या लढ्यामुळे आला. गावात काम करणाऱ्या कार्यकर्तीमुळे मिळालेला कायदा आपण गावात काम करणाऱ्या कार्यकर्तीला न कळेल अशा भाषेत चालवायचा, हे कसं चालेल?

इथे कुणी म्हणेल, म्हणजे आता इंग्रजीला विरोध का? मुळीच नाही. ही चैन आपल्याला परवडणारी नाही. सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'मध्ये इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला तो उगीच नव्हे. ज्यांना संस्कृतची दारं बंद होती त्यांच्यासाठी ते एक दुसरं दार होतं. आनंदीबाई जोशी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात भरसभेत उभ्या राहिल्या आणि आपण वैद्यक शिकायला अमेरिकेला का जात आहोत हे त्यांनी इंग्रजीत सांगितलं. तेव्हा त्यांचं वय अठरासुद्धा पुरं नव्हतं. रमाबाई रानडे घरात इंग्रजी शिकत होत्या तेव्हा घरातल्याच बायकांचे टोमणे त्यांना ऐकावे लागले, हे त्यांनी १९१० च्या आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. आपल्याला मिळालेलं इंग्रजी असं टोमणे खाऊन आलेलं आहे. ते सोडायचं नाही.

आणि आणखी एक. मराठीतली ओळख तरी कुठे मोठी निर्मळ असते? "आडनाव काय? कुठल्या तुम्ही? अच्छा, म्हणजे त्या अमक्यांपैकी?" दोन प्रश्नांत जात काढून समोर ठेवतात. लग्न झालेली असेल तर "मिस्टर काय करतात?" आमच्या ओळखीची एक दलित कार्यकर्ती म्हणते, "इंग्रजीत मी फक्त माझं नाव सांगून थांबू शकते, मराठीत थांबू देत नाहीत." तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. तेव्हा इंग्रजीच्या जागी मराठीची सक्ती हा यावरचा उपाय नव्हे. सोलापुरात तर नव्हेच. आमच्याकडे शुद्ध मराठीचा आग्रह धरला तर अक्का पुन्हा हात जोडून खालीच बसतील.

मग प्रश्न कुठे आहे? माझ्या मते प्रश्न भाषांतराचं ओझं कुणी उचलायचं हा आहे. पंडिता रमाबाईंची गोष्ट पाहा. १८८२ मध्ये शिक्षणाविषयीच्या हंटर आयोगापुढे पुण्यात त्यांनी साक्ष दिली. समोर इंग्रज साहेब बसलेले. रमाबाई मराठीत बोलल्या. मुलींच्या शाळांना शिक्षिका हव्यात, बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. त्या साक्षीचं इंग्रजी भाषांतर करून घेण्याचं काम आयोगाचं झालं. ज्याला ऐकायचं होतं त्याने भाषांतर केलं. पुढे रमाबाई इंग्रजी शिकल्या आणि १८८७ मध्ये अमेरिकेतल्या वाचकांसाठी त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं, तेव्हा गरज त्यांची होती, ओझंही त्यांनी उचललं. मला हे दोन्ही प्रसंग एकत्र ठेवावेसे वाटतात. इंग्रजी शिकायचं जरूर, पण शिकेपर्यंत गप्प बसायचं नाही.

सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत २००६ साली उभी राहिली, तिला गोदूताई परुळेकरांचं नाव आहे. गोदूताई कायद्याच्या पदवीधर. १९४५ च्या सुमाराला त्या ठाणे जिल्ह्यातल्या वारली पाड्यांत गेल्या तेव्हा त्यांचं इंग्रजी तिथे ओळख करून द्यायला काय उपयोगाचं होतं? पाड्यावर वारल्यांनी आपल्यासारखं बोलावं अशी अट घालून संघटना उभी राहिली नसती. शिकलेल्या बाईने तिकडे जायचं असतं. आपल्या चळवळीची ही चांगली सवय होती. निधी, प्रस्ताव आणि अहवाल यांच्या काळात ती सुटत चालली आहे. कंपन्यांकडून पैसा यायला लागल्यापासून तर आपण आपापसातही त्यांच्यासारखं बोलायला लागलो आहोत.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवते. एक, आपल्या कोणत्याही बैठकीत वा शिबिरात पहिल्या तीन ओळखी ठरवून तीन वेगळ्या भाषांत व्हाव्यात. नियम पहिल्या तिघींत ठरतो, म्हणून त्या तिघी कोण हे आयोजकांनी आधी पाहावं. दोन, शिक्षण आणि छंद विचारण्याऐवजी विचारावं: तुम्ही कोणतं काम करता, किती वर्षं, आणि गेल्या महिन्यात कामात काय अडलं? तीन, जी इंग्रजी जाणते तिने शेजारणीचं भाषांतर करावं, पण तिचंच, आपलं घालून नव्हे. नंतर मूळ बोलणारीला विचारावं, "बरोबर सांगितलं का?" चार, अंतर्गत समितीत बाईचा जबाब तिच्या भाषेत, तिच्याच शब्दांत लिहिला जाईल, आणि भाषांतर सोबत जोडलं जाईल, असा आग्रह समितीवर बसणाऱ्या आपल्या प्रत्येकीने पहिल्याच बैठकीत धरावा. माझ्यासारखा आठवडा घालवू नये. पाच, ज्या कार्यकर्त्यांना इंग्रजी शिकायचं आहे त्यांना संस्थेने कामाच्या वेळात आणि संस्थेच्या खर्चाने शिकवावं. घरचं सगळं आवरून रात्री दहानंतर शिक, असं बाईला सांगणं म्हणजे शिकू नको असं सांगणं. आणि सहा, समन्वयकाची जागा भरताना इंग्रजी येतं का हा प्रश्न शेवटी विचारावा. अहवाल लिहायला माणूस मिळतो. पहाटे दोनला दार उघडणारं माणूस मिळत नाही.

यातला पहिला उपाय आम्ही मागच्या महिन्यात करून पाहिला. आमच्याकडे पुण्याहून सहाजणी आल्या होत्या. पहिली ओळख अक्कांनी करून दिली, तेलुगूत. मी मराठीत सांगत गेले. अक्कांना दोन मिनिटं दिली होती, त्या अकरा मिनिटं बोलल्या. छाट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे कसे कापले जात आणि त्याबद्दल कारखान्यासमोर बायका पहिल्यांदा कशा बसल्या, तिथून त्यांनी सुरुवात केली. वेळापत्रक कोलमडलं. दोनदा त्यांनी मला थांबवून सांगितलं, "तसं नाही म्हणाले मी." पाहुण्यांपैकी एकीने नंतर बिचकत विचारलं, "मी माझी ओळख इंग्रजीत दिली तर चालेल ना? माझी मराठी कच्ची आहे." अक्का म्हणाल्या, "दे की. ही सांगेल आम्हाला."

अक्कांचा पगार अजून तेवढाच आहे. तो मुद्दा आम्ही संस्थेच्या कार्यकारिणीपुढे लेखी मांडला आहे, मराठीत. मैत्रिणींनो, तुमच्या गटात ओळखीची फेरी कशी होते, आणि तिच्यात पाच सेकंदांत बसून जाणारी बाई कोण आहे, यावर एकदा आपापल्या बैठकीत बोला. आणि जे ठरेल ते पुढच्या अंकासाठी कळवा. कुठल्याही भाषेत कळवा.