स्मरणरंजन म्हणून हिणवताना

जुने घरगुती संगणक दुरुस्त करणाऱ्या आणि त्यांचे दुर्मिळ झालेले भाग नव्याने घडवणाऱ्या मंडळींसाठी साहित्याच्या वर्तुळात एक शब्द ठरून गेला आहे : स्मरणरंजन. हा शब्द उच्चारला की पुढे विचार करण्याची जबाबदारी संपते. बालपणीच्या खेळण्यांत रमलेले प्रौढ, एवढ्यावर त्या छंदाची वासलात लागते. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. संहिता कशी सांभाळावी याचा वस्तुपाठ आज ही मंडळी घालून देत आहेत, आणि आपल्या भाषा-साहित्य विभागांनी तो त्यांच्यापाशी बसून गिरवावा अशा योग्यतेचा आहे.

झेडएक्स स्पेक्ट्रमचेच उदाहरण घेऊ. ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीने तो एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आणला. किंमत १२५ पौंडांपासून पुढे, बटणे रबरी, पडदा म्हणजे घरातला टीव्ही आणि साठवण म्हणजे साधी ध्वनिफीत. पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने त्याची परवानाधारक आवृत्ती भारतातही विकली. असा संच चाळीस वर्षांनी बंद पडला, तर दुरुस्ती करणारा काय करतो? त्याच्या पहिल्या १६ किलोबाइट स्मृतीच्या चिप्सना तीन विद्युतदाब लागतात : अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५ व्होल्ट. त्यातला उणे ५ नाहीसा झाला की उरलेले दोन दाबच चिपचा घात करतात. म्हणून जाणता माणूस मेलेली चिप बदलण्याआधी ती का मेली हे शोधतो आणि एका क्षुल्लक वाटणाऱ्या ट्रान्झिस्टरपर्यंत माग काढतो. वरच्या ३२ किलोबाइटसाठी वापरलेल्या चिप्स तर मुळात ६४ किलोबिटच्या, पण अर्ध्या सदोष निघालेल्या. स्वस्तात मिळाल्या म्हणून त्यांचा शाबूत अर्धा भाग कामाला लावला गेला. कोणता अर्धा शाबूत, ते ठरवणारी तारेची जोडणी आजही बोर्डावर दिसते. चार पैसे वाचवण्याची एका काळाची सारी धडपड त्या तारेत वाचता येते. अशा वाचनाला जो स्मरणरंजन म्हणेल, तो पोथीच्या समासातील खाडाखोडीलाही कचराच म्हणेल.

नव्याने घडवण्याचा मामला याहून अवघड. स्पेक्ट्रमचे चित्र, ध्वनी आणि कळफलक सांभाळणारी यूएलए ही फेरांटी कंपनीने बनवलेली चिप. तिचे उत्पादन केव्हाच थांबले. ख्रिस स्मिथ यांनी चिपचे कवच काढून घेतलेल्या छायाचित्रांवरून तिची अंतर्गत रचना उलगडली आणि २०१० साली ती ग्रंथरूपाने मांडली. त्यांचीच ‘हार्लेक्विन’ ही प्रतिकृती यूएलएचे काम सर्वसाधारण चिप्सच्या समूहाकडून करवून घेते. येथे कळीचा मुद्दा असा, की मूळ चिपच्या खोडीही जशाच्या तशा जपाव्या लागतात. पडद्याची स्मृती वाचताना यूएलए प्रोसेसरला क्षणभर थांबवते. ही उणीवच खरी. पण कित्येक प्रोग्रॅमची लय त्या थांबण्यावर बेतलेली आहे. ती ‘सुधारली’ की लय मोडली.

ही शिस्त आपल्याला अनोळखी आहे काय? एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि तीत स्वतःची ओवी घुसडणाऱ्याला कडक शब्दांत बजावले. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ पाच दशके १२५९ हस्तलिखिते तपासून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, वि. स. सुखठणकरांच्या संपादनपद्धतीत पाठ निःसंशय नसेल तेथे शब्दाखाली नागमोडी रेघ ओढली जाते. महाभारत आणि मायक्रोचिप एका पंक्तीला बसवता काय, असे कोणी दरडावून विचारील. थोरवीची तुलना आम्ही करत नाही, पद्धतीची करतो. आणि पद्धत एकच आहे : जे हाती आले ते आधी नीट वाचा, आपल्या सोयीसाठी त्यात भर घालू नका, आणि जेथे खात्री नाही तेथे तसे नमूद करा.

दुसरा आक्षेप अधिक सुसंस्कृत असतो. जुने यंत्र हवेच कशाला? आजच्या संगणकावर त्याची हुबेहूब नक्कल करणारे एम्युलेटर आहेतच. म्हणजे संहिता पुरे, कागद-शाईचे काय काम! कमोडोर ६४ या १९८२ च्याच संगणकातील सिड ही ध्वनिचिप याला चोख उत्तर देते. तिच्या ६५८१ या पहिल्या आवृत्तीत आवाजाची पातळी बदलताना खट् असा ध्वनी उमटे. तो दोष होता. संगीतकारांनी त्याच दोषाच्या आधारे ढोलाचे ठोके आणि मानवी स्वर वाजवले. पुढच्या ८५८० आवृत्तीत दोष दूर झाला आणि ते ठोके, ते स्वर जेमतेम ऐकू येऊ लागले. शुद्ध प्रतीने अर्थ गमावला! शिवाय ६५८१ च्या दोन नगांचे फिल्टरही तंतोतंत सारखे वाजत नाहीत. एम्युलेटरची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. पण नक्कल बरोबर आहे हे ठरवायचे कशावरून? चालू स्थितीतल्या मूळ यंत्रावरूनच. ते शेवटचे यंत्र बंद पडेल, त्या दिवसापासून नक्कल करणाऱ्याची चूक हीच परंपरा ठरेल.

म्हणून छंदिष्टांनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. पिवळे पडलेले प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात पांढरेशुभ्र करायचे, आतले भाग बदलायचे आणि कशाचीही नोंद न ठेवता ‘अस्सल’ म्हणून मिरवायचे, हा प्रकारही या क्षेत्रात चालतो. पाषाणाच्या मंदिराला तैलरंग फासून जीर्णोद्धार झाल्याचे सांगणारे विश्वस्त आणि हे, यांत फरक तो काय? कोणता भाग मूळचा, कोणता बदलला, केव्हा आणि का, हे लिहून ठेवले तरच ती दुरुस्ती. एरवी तो प्रक्षेप होय.

असो. हे सारे साहित्याच्या विद्यार्थ्याला का सांगायचे? कारण आपली संहिताही याच वाटेवर उभी आहे. सी-डॅकची स्थापना पुण्यात १९८८ साली झाली. तिच्या जिस्ट कार्डाने डॉसवर चालणाऱ्या संगणकाच्या पडद्यावर देवनागरी उमटवली. हे कार्डही संगणकात बसवायचे एक यंत्रच. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ साली आले. त्यानंतर युनिकोड रुळेपर्यंत मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी फाँटांत जुळवला गेला; रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचा तुकडा बसवण्याची ती युक्ती होती. तो फाँट नसेल तर कादंबरीचे पान म्हणजे निव्वळ अक्षरांचा चिवडा. छापील पुस्तक आहेच, असे म्हणून समाधान मानता येईल. पण लेखकाचे आधीचे खर्डे, वगळलेली प्रकरणे, संपादकाने बदललेली वाक्ये फ्लॉपीवरच राहिली असतील तर? त्या वाचणारे ‘क्रायोफ्लक्स’ हे साधन ॲमिगा संगणकावरचे खेळ जपण्याच्या खटाटोपातून जन्मले, आणि आज परदेशांतील ग्रंथालये व अभिलेखागारे ते वापरतात. ज्यांना आपण खेळण्यात रमलेले म्हणून हिणवले, त्यांनीच अभिलेखपालाच्या हाती किल्ली दिली.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. पाठचिकित्सेचा तास पोथीपाशी सुरू होऊन छापील प्रतीपाशी संपू नये. १९९० नंतरच्या लेखकावर प्रबंध लिहिणाऱ्याने त्याचा मजकूर कोणत्या यंत्रावर, कोणत्या फाँटात जुळवला गेला हे प्रस्तावनेत नोंदवावे. लेखकाच्या घरची कपाटे आवरताना फ्लॉप्या रद्दीत घालू नयेत. आणि विभागात एक टेबल, एक जुना चालू संगणक आणि डाख द्यायची कांडी असावी. ती कशी धरायची हे शिकवायला प्राध्यापक मिळाले नाहीत, तर छंदिष्टांना सन्मानाने बोलवावे.