ओढा खोडू नका, तारीख लिहा!

मुळशीकरांनो, एक साधा प्रश्न. सातबाऱ्यावर आजोबांच्या जागी वडिलांचं नाव लागलं, तेव्हा आजोबांचं नाव कुणी रबराने पुसलं होतं का? नाही. त्याला कंस झाला, शेजारी फेरफार नंबर पडला. आता कॉम्प्युटरच्या उताऱ्यावर कंसाऐवजी आडवी रेघ असते, एवढंच. नमुना सहा काढला की नोंद कधी आणि कशामुळे बदलली ते समजतं.

मग जीआयएसच्या नकाशाला ही शिस्त का नको?

तिथे जुनी रेषा डिलीट केली, नवी काढली, सेव्ह केलं, की ओढा गायब. कधी गायब झाला, कुणाच्या आदेशाने? फाइल मुकी. २०२५ च्या पावसाळ्यात हिंजवडीचे रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा सगळे विचारत होते, ओढे गेले कुठे? पाण्याला जुनी वाट आठवते, नकाशाला आठवत नाही!

तंत्रज्ञान नाही, असं कुणी सांगू नये. प्रत्येक रेषेला दोन तारखा जोडायच्या. एक, ती जागेवर कधीपासून कधीपर्यंत होती. दुसरी, आपण नोंद कधी केली. समजा ओढा २०१२ ला बुजला आणि नकाशात २०२० ला उतरला. मधल्या आठ वर्षांत बांधकामाच्या परवानग्या कोणता नकाशा बघून दिल्या, ते या दोन तारखांशिवाय कळणारच नाही. बहुतेक घोळ तिथेच लपतो.

कुणी म्हणेल, उपग्रहाचे जुने फोटो आहेत की! आहेत. पण लँडसॅटच्या फोटोत एक ठिपका म्हणजे ३० मीटर. आपला दोन-तीन मीटरचा ओढा त्यात दिसायचा कसा? आणि फोटोत भराव दिसला, तरी परवानगी कुणाची ते दिसत नाही.

मुळशी धरणाचंच बघा. १९२१ मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले. आजच्या नकाशात तिथे नुसता निळा रंग. खाली गावं होती, शेतं होती, याची एक रेषा नाही. फक्त 'आज' दाखवणारा नकाशा, आज ज्याच्या ताब्यात जागा आहे त्याच्याच सोयीचा असतो.

म्हणून पुढच्या वेळी विकास आराखड्यावर हरकती मागवतील, तेव्हा पहिली हरकत हीच घ्या: जुने थर तारखांसकट लोकांसमोर ठेवा. शेजारी जुना गावनकाशा लावा.

नवं जरूर काढा. जुन्याला कंस करा, खोडू नका.