एक चमचा तूप

तिळाचा लाडू हा मुळात तीळ, गूळ, दाण्याचं कूट, सुकं खोबरं आणि वेलची यांचा असतो. गाई-म्हशीचा त्याच्याशी काही संबंध नसतो. संबंध येतो तो पाक करताना. गुळात चमचाभर तूप घातलं की पाक भांड्याला धरत नाही, लाडवाला चकाकी येते, आणि वळताना तळहाताला तूप लावलेलं असलं की चटके कमी बसतात. एवढंच त्या तुपाचं काम. पण त्या एका चमच्यामुळे आमच्या नेरुळच्या सोसायटीत संक्रांतीच्या दिवशी नऊ वर्षांची एक मुलगी हात पाठीमागे बांधून उभी राहते. ती माझ्या लेकीची लेक आहे. तेव्हा मी तटस्थपणे लिहितेय असा आव आणत नाही.

ती व्हीगन आहे. दूध, दही, तूप, मध, अंडी, मासे, मटण, म्हणजे प्राण्यांकडून येणारं काहीच ती खात नाही. घरात दुसरं कुणी तसं नाही, जावई रविवारी बांगडे आणतात आणि लेक ते आवडीने खाते. दोन वर्षांपूर्वी जुन्नरकडे आमच्या गावी गेलेलो असताना नातीने गाय व्यालेली पाहिली, वासराला दोरीने बाजूला बांधलेलं पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे खरवसाची वाटी आली. "हे त्याचं होतं ना?" तिने विचारलं. मोठ्यांनी आपापली उत्तरं दिली. वासराला पुरेसं सोडतो, जास्त प्यायलं तर त्याला हगवण लागते, गाय म्हणजे आपली आईच. तिला ती पटली नाहीत. तिने कुणाला उपदेश केला नाही, वाटी फक्त पुढे सरकवली. मला वाटलं होतं आठवड्यात विसरेल. विसरली नाही.

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात एका बाईंनी "एका लाडवाने काय होतंय गं?" असं म्हणत तिचा गाल धरला आणि लाडू तोंडात घातला. प्रेमानेच घातला, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बाकीच्या हसल्या. पोरीने तो थुंकला नाही. गालात धरून ठेवला, जिन्यात गेली आणि कागदाच्या तुकड्यात काढून मुठीत घेऊन घरी आली.

मैत्रिणींनो, आपण किती वर्षं "नाही म्हणजे नाही" म्हणतोय? मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपी पोलिसांना सोडलं, कारण मुलीने प्रतिकार केल्याच्या खुणा दिसत नव्हत्या. त्या निकालाविरुद्ध आपल्या संघटना रस्त्यावर आल्या, त्यातून १९८३ मध्ये कायदा बदलला. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, हे आपण तेव्हा कोर्टाला सांगत होतो. त्या खटल्याची तुलना लाडवाशी करण्याइतकी मी वेडी नाही. पण आपल्या शरीरात काय जावं हे आपण ठरवायचं असतं, याचा पहिला धडा मुलीला जेवणाच्या ताटावरच मिळतो. तिथे तिचं "नको" आपण हसण्यावारी नेलं, तर पुढे ते मोठ्याने म्हणायला तिला कोणी शिकवायचं? मुलग्यांनाही भरवतात, मान्य आहे. पण मुलगा नको म्हणाला की "त्याला नाही आवडत" आणि मुलगी नको म्हणाली की "नखरे" असं ऐकत मी साठी ओलांडली.

आता दुसरी बाजू. सणाचं सगळं गोडधोड बायकांच्या हातून होतं. घरात एक मूल वेगळं खाऊ लागलं की त्याचा भार आईवर पडतो. दिवाळीत लेकीने पहिल्या वर्षी दोन दोन वेळा केलं. एक बेसन लाडू तुपातले, एक तेलातले, शंकरपाळी दुधाची आणि वेगळी पाण्याची. चौथ्या रात्री ती झाऱ्यासकट ओट्यावर डोकं टेकून बसली होती. जावई चांगले आहेत, पण "तुला काय मदत करू?" असं विचारणाऱ्या जातीतले. मदत करू म्हणणाऱ्याचं ते काम नसतंच, हे वेगळं सांगायला नको. तेव्हापासून मी म्हणते, मुलासाठी वेगळं ताट करूच नये, सगळ्यांचं ताट बदलावं. पाकातलं तूप काढून तिथे तिळाचं किंवा शेंगदाण्याचं तेल घालायला जास्तीचं एक मिनिटही लागत नाही. लाडू सगळ्यांचाच होतो. चवीत फरक पडतो का? किंचित पडतो. आमच्या विहीणबाईंना कळला, इतर कुणाला कळला नाही.

वेगळ्या ताटाला माझा विरोध आहे तो नुसता कष्टांपायी नाही. आपल्या समाजात पंक्ती वेगळ्या, पाणी वेगळं, भांडी वेगळी यांचा इतिहास काय आहे हे १९२७ च्या महाडनंतर कुणाला सांगायला लागू नये. नातीने स्वतःहून न खाणं आणि कुणाला तरी पाण्यापासून हाकलणं या दोन गोष्टी एक नव्हेत. पण शाकाहार हा शब्द उच्चारला की आपल्याकडे जात मागच्या दाराने आत येते. आमच्या नवी मुंबईतही भाड्याने घर देताना "नॉनव्हेज खाता का?" असं विचारणारे आहेत. ही सगळी वसाहत ज्यांच्या खाडीवर आणि भातशेतीवर उभी राहिली, त्या आगरी-कोळ्यांच्या गावठाणांत सुकी मासळी वाळते आणि शेजारच्या टॉवरमधले नाकाला रुमाल लावतात. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा पैसा बंद केला. हे मला अजिबात मान्य नाही. ज्या पोरांच्या पोटाला ते अंडं लागतं त्यांना ते मिळालंच पाहिजे. "मी खात नाही" आणि "तू खाऊ नकोस" यांच्यामधली भिंत माझ्या नातीला कळते. तिच्या डब्यात मटकीची उसळ असते, मैत्रिणीच्या डब्यात आम्लेट असतं, आणि दोघी एका बाकावर बसून खातात.

"हे श्रीमंतांचं खूळ आहे," असं मला एका कार्यकर्त्या मैत्रिणीने सुनावलं. बदामाच्या दुधाच्या डब्यांच्या किमती पाहिल्या तर तिचं खरं आहे. पण सणाचं गोड घेऊन बसलो तर उलटंच दिसतं. तूप कितीतरी घरांत कधी नव्हतंच. पुरण म्हणजे हरभऱ्याची डाळ आणि गूळ. गुळाच्या पोळीतलं बेसन तेलावरच भाजतात, तूप येतं ते वाढताना. गुऱ्हाळात उसाचा रस निवळायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, म्हणजे गूळही बिनदुधाचा. होळी-पाडव्याची साखरेची गाठी, बत्तासे, खडीसाखर, चुरमुरे, फुटाणे, गणपतीची खारीक-खोबऱ्याची खिरापत, नारळाच्या सारणाचे उकडीचे मोदक, हळदीच्या पानातले पातोळे. यात दूध कुठे आहे? उकडीत लोणी किंवा तूप घालतात तिथे तेल चालतं. गोव्यात पातोळे हिंदू घरांत नागपंचमीला होतात आणि ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टच्या सणाला, दोन्हीकडे तांदूळ, नारळ, गूळ तेच. आमच्या मजल्यावरच्या मल्याळी शेजारीण ओणमला नारळाच्या दुधातलं अडप्रथमन करतात. नातीसाठी म्हणून त्यांनी खोबऱ्याचे तुकडे खोबरेल तेलात तळले, आणि हे करायला त्यांना कुणाचं व्याख्यान ऐकावं लागलं नाही. गंमत म्हणजे ज्या डालड्याला आपल्या सासवांनी आयुष्यभर नावं ठेवली तोही वनस्पतीचाच! तो खा असं मी म्हणत नाही, त्यातल्या घातक चरबीवर सरकारला २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घालावी लागली आहे.

अडतं ते नव्या गोष्टींत. बोरन्हाणाला पूर्वी बाळाच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे आणि हलवा ओतत असत. आता चॉकलेटं ओततात, आणि ती गोळा करायला जमलेली पोरं दुधाचीच चॉकलेटं घरी नेतात. शाळेतल्या वाढदिवसाला तेच. पॅकेटावरचा हिरवा ठिपका इथे उपयोगाचा नाही, कारण दुधाचा पदार्थ शाकाहारीच धरला जातो. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये व्हीगन पदार्थांचे नियम केले, वेगळं चिन्हही ठरवलं, पण आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात त्या चिन्हाची गोळी मला अजून दिसलेली नाही. म्हणून नात मागची बारीक अक्षरं वाचते. माझा चष्मा घेऊन वाचते, तिला तेवढीच ऐट.

हलव्यातही एक मेख आहे. साखरेच्या पाकाची मळी काढायला त्यात थोडं दूध घालतात. लिंबाचा रस घालूनही मळी येते. मी यंदा तसाच केला. निखाऱ्यांऐवजी मंद गॅसवर परात ठेवून, चमच्याने पाक सोडत, बोटांनी तीळ फिरवत दोन दुपारी गेल्या. काटा बरा आला. बोटांची सालं गेली. काटेरी हलव्याचं कौतुक करणाऱ्यांपैकी किती जण त्या परातीशी बसतात, हा प्रश्न मला दर जानेवारीत पडतो.

दुधाबद्दल बोलताना आणखी एक सांगायला हवं. आपल्या खेड्यांत शेण काढणं, वैरण आणणं, धारा काढणं ही कामं बहुतेक बायकाच करतात आणि डेअरीचं खातं बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर असतं. त्या बाईचं घर त्या दोन म्हशींवर चालतं. माझ्या नातीने दूध सोडलं म्हणून त्या बाईला दोषी धरायचं, हे मला जमणार नाही, आणि नातीनेही तसं कधी म्हटलेलं नाही. तिचा प्रश्न वासराचा आहे. तो प्रश्न चुकीचा आहे असंही मी म्हणू शकत नाही.

गांधीजींनी १९१२ मध्ये दूध सोडलं. कलकत्त्यात गाई-म्हशींचं दूध जास्त निघावं म्हणून करत असलेले क्रूर प्रकार वाचून त्यांचा निश्चय पक्का झाला होता. १९१९ च्या सुरुवातीला मुंबईत ते इतके खंगले की डॉक्टर दलाल म्हणाले, दूध घ्याल तरच शरीर भरून निघेल. तेव्हा तोड काढली ती कस्तुरबांनी. व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती ना, मग शेळीच्या दुधाला काय हरकत? गांधीजींनी ते घेतलं आणि व्रताचा शब्द राहिला, अर्थ गेला, ही बोच आत्मकथेत लिहून ठेवली. मला या गोष्टीत कस्तुरबा दिसतात. घरातल्या माणसाच्या तत्त्वाची अंमलबजावणी करताना जीव वाचवण्याची वाट शोधायचं काम बाईकडे येतं, तेव्हाही आलं होतं. आज वाट सोपी आहे. डॉक्टरांनी नातीला ब-१२ च्या गोळ्या चालू केल्या आहेत, कारण ते जीवनसत्त्व वनस्पतींतून पुरेसं मिळत नाही. ज्या घरात मूल व्हीगन आहे तिथे हे टाळून चालणार नाही. मुलींच्या बाबतीत रक्त तपासून घेणं तर हवंच. नाचणी, तीळ, राजगिरा, पालेभाज्या हे बाकीचं.

"परंपरा कशी बदलायची?" असं विचारणाऱ्यांना मी हळदीकुंकवाचंच उदाहरण देते. विधवेला वगळून उभा राहिलेला हा समारंभ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य सरकारने इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. आमच्या सोसायटीत त्याच्या आधीपासून सगळ्या बायकांना बोलावतात, कुंकू लावायचं की नाही ते जिचं तिने ठरवायचं. इतकं मोठं ओझं उतरवता येत असेल तर एक चमचा तूप किती जड आहे? आणि ते उतरवल्याचा फायदा नातीपुरता नाही. खालच्या मजल्यावर चार वर्षांचा एक मुलगा आहे, त्याला दुधाची ॲलर्जी आहे, अंगावर गांधी उठतात. त्याच्या आईला दर सणाला सगळ्यांना समजावत फिरावं लागतं. तिळाचा तेलातला लाडू तोही खातो.

यंदा महिला मंडळाच्या बैठकीत मी हा विषय काढला. लाडू मंडळच करणार होतं, दहा किलो तीळ आणि गूळ वाशीच्या एपीएमसीतून आणायचं ठरलं. तुपाऐवजी तेल, यावर फारशी चर्चा झाली नाही, उलट खर्च कमी होतो म्हणून खजिनदारबाई खूश झाल्या. कुणाच्याही तोंडात काही घालायचं नाही, हातावर ठेवायचं आणि विचारून ठेवायचं, यावर मात्र अर्धा तास वाद झाला. "मग आपुलकी कशी दाखवायची?" असं एकीने विचारलं. शेवटी आठ विरुद्ध पाच असं मत पडलं.

सत्यनारायणाच्या शिऱ्याचं अजून काही जमलेलं नाही. सव्वा मापाचं तूप, सव्वा मापाचं दूध, आणि पंचामृतात तर पाचांपैकी चार वस्तू प्राण्यांच्या. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, केळं आणि खडीसाखरही प्रसादच आहे. नात केळं खाते. शिरा मात्र तिला फार आवडायचा, हेही मला माहीत आहे. गेल्या श्रावणात पूजेनंतर ती द्रोण हातात घेऊन कितीतरी वेळ नुसता वास घेत बसली होती, आणि मग तो तिने वडिलांना दिला.