मुक्या माराविषयी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधील जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून जी गोटमार होते, तीत फुटलेल्या डोक्याची दखल तत्काळ घेतली जाते. परंतु ज्याच्या नडगीवर गोटा बसला, कातडी शाबूत राहिली आणि पोटरी मात्र ताठरत चालली, त्याची रवानगी ‘मुका मार आहे, उतरेल’ एवढ्या निवाड्यावर घरी होण्याचा धोका फार मोठा. हाड मोडलेले नाही आणि पायाची नाडी लागते, ही या पूर्वपक्षाची दोन प्रमाणे. दोन्ही येथे गैरलागू आहेत.

गुडघ्याखालचे स्नायू पुढचा, बाहेरचा, मागचा उथळ आणि मागचा खोल अशा चार कप्प्यांत वसलेले असून त्यांच्या भिंती हाडांच्या आणि प्रावरणी नामक चिवट, फारशी न ताणणाऱ्या पडद्याच्या आहेत. आत रक्त साचले वा सूज चढली की वाढता दाब प्रथम केशवाहिन्यांना चेपतो. मोठ्या रोहिणीतील दाब त्याहून पुष्कळ अधिक असल्यामुळे स्नायू मरत असतानाही पावलावरची नाडी लागत राहते. या ‘कंपार्टमेंट सिंड्रोम’चे नेहमीचे कारण नडगीचे हाड मोडणे हे होय, हे मान्य, पण निव्वळ चिरडल्यानेही तो उद्भवतो. आणि मोडलेल्या पायावर कामट्या करकचून आवळणाऱ्यांनी हेही ध्यानी घ्यावे की, घट्ट पट्ट्यांनी अवयव कायमचे आखडतात, हे फोल्कमन या जर्मन शल्यविशारदाने १८८१ मध्येच नोंदविले आहे.

खरे प्रमाण वेदनेचे. माराच्या मानाने अतोनात वेदना, दुसऱ्याने पायाची बोटे ताणताच असह्य कळ, अंगठ्याशेजारच्या बेचक्यात बधिरता, एवढ्यावर शल्यचिकित्सकाने प्रावरणी लांब चिरून चारही कप्पे मोकळे करणे हाच इलाज. एवढी मोठी जखम कशासाठी, असा आक्षेप येतो. त्यास उत्तर असे की, जखम भरते, तीवर कातडी लावता येते, पण सुमारे सहा तास रक्ताविना राहिलेला स्नायू बहुधा परत येत नाही.

२०२३ मध्ये पांढुर्णा-सौंसरचा स्वतंत्र जिल्हा झाला आहे. त्याच्या अंमलदारांनी गोटमारीच्या बंदोबस्तात ताठरलेल्या पोटरीचा रुग्ण त्याच रात्री, गरज पडल्यास नागपूरला, रवाना करण्याची तजवीज ठेवावी. आणि घरच्यांनी पट्टी सैल करावी, पाय हृदयाच्या पातळीवर ठेवावा, तो चोळू नये व सकाळची वाट पाहू नये.