बाबांना उशीर का व्हायचा?

बॉम्बस्फोटावरचा सिनेमा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? धूर, पळापळ, पोलिसांच्या जीपगाड्या आणि शेवटी पकडला जाणारा खलनायक! मलाही तसंच वाटायचं. म्हणून 'मुंबई मेरी जान' हा २००८ सालचा हिंदी चित्रपट मी इतकी वर्षं पाहिलाच नव्हता. परवा रविवारी घरी लावला, आणि गॅसवरचं दूध उतू गेलं तरी उठले नाही.

दिग्दर्शक निशिकांत कामत. आपल्या गावाचं नाव मिरवणारा 'डोंबिवली फास्ट' (२००५) त्यांचाच बरं का! २०२० साली ते गेले.

११ जुलै २००६, मंगळवार. संध्याकाळच्या गर्दीत, पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, पार मीरा रोडपर्यंत. १८९ माणसं गेली, आठशेहून जास्त जखमी झाली. ही घटना खरी. सिनेमातली माणसं मात्र काल्पनिक.

नवल म्हणजे या सिनेमात गुन्हेगारांचा पाठलागच नाही. स्फोट लवकर होऊन जातो आणि उरतात वाचलेली माणसं. दिसेल त्या मुसलमानावर संशय घेणारा सुरेश. निवृत्तीला टेकलेले हवालदार तुकाराम पाटील. सायकलवर कॉफी विकणारा थॉमस (इरफान खान). मॉलमध्ये अपमान झाला म्हणून हा बॉम्बच्या खोट्या अफवांचे फोन करतो, लोकांची धावपळ बघून खूश होतो. आणि त्या गोंधळात एका म्हाताऱ्या गृहस्थांना हृदयविकाराचा झटका येतो. 'साप! साप!' ओरडून अख्खा वर्ग पळवणारी आमची चौथीतली टोळी मला इथे आठवली.

पण मी खिळले ती निखिलपाशी (माधवन). शिकलेला माणूस. रोज लोकलने जाणारा. स्फोटानंतर त्याला गाडीत पाऊलच टाकवत नाही. गाडी येते, जाते, हा घामाघूम.

तेव्हा मी अकरावीत होते. बाबांचं ऑफिस अंधेरीला. त्या रात्री फोन लागत नव्हते. अंधेरीहून घाटकोपरपर्यंत चालत, मग आपली लोकल पकडून, बाबा रात्री एकला डोंबिवलीत घरी पोचले. आणि सकाळी डबा घेऊन पुन्हा कामावर! 'आमचे बाबा कुण्णाला घाबरत नाहीत,' असं मी कॉलेजात ऐटीत सांगत सुटले होते.

सिनेमात शेवटी मृतांसाठी सारं शहर दोन मिनिटं थांबतं. निखिल तेव्हा लोकलमध्ये असतो. शेजारी बसलेल्या बाबांनी तेवढ्यात चष्मा काढून पुसला.

"बाबा, तुम्हाला भीती वाटली होती का हो?"

"दोन महिने," ते म्हणाले. "अंधेरीला तीन-तीन गाड्या सोडायचो. चढलो तरी रॅकवर एकटी बॅग दिसली की पुढच्या स्टेशनला उतरायचो."

"मग घरी बोलला का नाहीत?"

"तू बोलू कुठे द्यायचीस? उशीर झाला म्हणून दारातच भांडायचीस."

खरं होतं ते. क्लासहून आणायला ते वेळेवर येत नाहीत म्हणून मी फुगून बसायचे.

हा सिनेमा मोठ्यांबरोबर बसून पाहा. स्फोटाचं दृश्य अंगावर येतं, धाकट्या भावंडांना तेवढं दाखवू नका. आणि त्या वेळी तुमच्या घरातलं कोण लोकलने जायचं, ते विचारून ठेवा.